दारू, झोपेची गोळी आणि नैराश्य: बेळगावच्या पश्चिम पट्ट्यातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

बेळगावहून वेंगुर्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना मराठी बोलणारी गावं आहेत. शिनोळीच्या अलीकडे राज्य बदलतं, पण सोयरिकी, बाजार आणि कामधंदा दोन्हीकडे चालतो. हे घर हद्दीच्या कर्नाटकाकडच्या बाजूचं, बायकोचं माहेर चंदगड तालुक्यातलं. नावं, वयं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लिहायला दोघांनीही संमती दिली आहे. नवऱ्याला परशराम म्हणू, बायकोला रेणुका. मी त्या पट्ट्यात दवाखाना चालवतो.

परशराम चाळिशीच्या आतला. दहावीनंतर उद्यमबागेतल्या फौंड्रीत लागला, फेटलिंगला. ओतीव कामावरची खरड ग्राइंडरने घासून काढायची, तीन पाळ्यांत. घरी दीड एकर भात, पुढे रताळी. आई, बायको, नववीतली मुलगी, पाचवीतला मुलगा. धाकटा भाऊ सहा वर्षांपूर्वी मोटरसायकलच्या अपघातात गेला. त्याआधी परशराम शनिवारी पगाराच्या दिवशी प्यायचा. भाऊ गेल्यावर रात्रपाळी संपली की सकाळीच प्यायला लागला.

दारू मिळायला या पट्ट्यात कष्ट पडत नाहीत. कर्नाटकाने १ जुलै २००७ पासून अरॅक, म्हणजे स्वस्त गावठी दारू, बंद केली, तेव्हा पिणारे लोक स्वस्त व्हिस्कीच्या नाइंटीकडे वळले. चोर्ला आणि तिलारीच्या वाटेने गोवा बनावटीची दारू चोरून येते, ती त्याहून स्वस्त पडते. परशरामची मजल दिवसाला तीन-चार क्वार्टरपर्यंत गेली होती.

प्रकरण आमच्याकडे कसं आलं

परशराम आलाच नाही. आली रेणुका, तीही आशाताईंनी, म्हणजे गावच्या सरकारी आरोग्य कार्यकर्तीने, हाताला धरून आणली म्हणून. तक्रार अशी: "डोकं दुखतंय वो डॉक्टर, पाठ भरून येती, जेवण जात नाही." रक्तदाब ठीक, हिमोग्लोबिन कमी. अशा बाईला लोहाच्या गोळ्या आणि दुखण्याची गोळी देऊन पाठवायचं, हे कुठल्याही गर्दीच्या ओपीडीत घडतं. आशाताई मात्र उठायला तयार नव्हत्या. त्या म्हणाल्या, "झोप कवापासून नाही ते विचारा की."

तीन वर्षांपासून. रात्री तो कधी येईल याची वाट बघायची, आल्यावर काय होईल याची धास्ती. मारहाण दोनदा झाली होती. बायकांच्या बचत संघाच्या कर्जाचा आठवड्याचा हप्ता तिच्या एकटीच्या अंगावर. नैराश्य मोजण्याची नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ ही चाचणी मराठीत घेतली, तिचे गुण २७ पैकी १५ आले. या चाचणीत १० किंवा जास्त गुण आले की मध्यम किंवा त्याहून जास्त नैराश्याची शक्यता धरतात. म्हणजे त्या घरातली पहिली रुग्ण रेणुका होती. तिच्या तोंडून दुसऱ्याची माहिती मिळाली.

चार कागद

परशराम पुढच्या आठवड्यात आला, तोही "पोटाचं" म्हणून. सोबत प्लास्टिकच्या पिशवीत जुने कागद. ते मी टेबलावर एका ओळीत मांडले. त्यांच्यावर काय लिहिलंय ते इथे देतो, कारण माझ्या मते सगळ्या प्रकरणाची गाठ तिथेच आहे.

पहिला, गावातल्या डॉक्टरांचा: अ‍ॅसिडिटी, पोटात जळजळ. पॅन्टोप्राझोल.

दुसरा, शहरातल्या एका दवाखान्याचा: झोप नाही, छातीत धडधड. अल्प्राझोलम ०.५ ही झोपेची गोळी, दहा दिवस. त्या दहा दिवसांच्या चिठ्ठीवर परशराम चौदा महिने गोळी घेत होता, पुढे दोन-तीन एकदम. अल्प्राझोलम शेड्यूल एच-१ मध्ये येते. मेडिकलवाल्याने प्रत्येक विक्रीची वेगळी नोंद ठेवायची, चिठ्ठीशिवाय द्यायची नाही, असा नियम आहे. त्याला ती पट्टी मिळत राहिली, कधी हद्दीच्या अलीकडे, कधी पलीकडे.

तिसरा, एका मोठ्या रुग्णालयाचा: झटका आला म्हणून दाखल. मेंदूचा स्कॅन स्वच्छ. फिटच्या गोळ्या सुरू.

चौथा, पलीकडच्या गावातल्या दवाखान्याचा: अशक्तपणा. ग्लुकोजच्या दोन सलाईन.

चारही कागदांवर दारू हा शब्द नव्हता. आजारांच्या जागतिक वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत दारूच्या विकारांना एफ १० हा गट आहे. परशराम मात्र जठराच्या खान्यात, निद्रानाशाच्या खान्यात, झटक्याच्या खान्यात आणि एका ठिकाणी कुठल्याच खान्यात नाही, असा चार ठिकाणी वाटला गेला होता. काही कागद एका राज्याच्या आरोग्य विभागाच्या हिशेबात, काही दुसऱ्या राज्याच्या, आणि मेडिकलवरची विक्री कुणाच्याच नाही. तालुक्यात दारूचे रुग्ण किती, असं कुणी नोंदवह्या उघडून विचारलं, तर परशराम शून्य भरेल.

डॉक्टर दारू का लिहीत नाहीत? बहुतेक वेळा भलेपणानेच. विम्याचा क्लेम अडेल, कंपनीत कळेल, बायकोसमोर मान खाली जाईल. पण त्या भलेपणाने माणूस हिशेबातून जातो, आणि हिशेबात नसलेल्यासाठी समुपदेशक नेमला जात नाही, औषधाचा साठा मागवला जात नाही.

देशभराचे आकडे याच दिशेने बोट दाखवतात. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सच्या राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राने केलेलं सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात १० ते ७५ वयोगटातले १४.६ टक्के लोक दारू पितात आणि २.७ टक्के तिच्यावर पूर्ण अवलंबून आहेत, असं आढळलं. अवलंबून असलेल्यांपैकी ३८ जणांत एकालाच कसला तरी उपचार मिळाला होता, आणि दाखल होऊन उपचार घेतलेला १८० जणांत एक. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दारूच्या विकारांतली उपचारांची तूट ८६ टक्क्यांच्या घरात होती. त्या सर्वेक्षणाच्या बारा राज्यांत कर्नाटक नव्हतं आणि महाराष्ट्रही नव्हता. आमच्या हद्दीच्या दोन्ही बाजू त्या आकड्यांच्या बाहेरच्या.

न विचारलेला इतिहास

कागद बाजूला ठेवून मी त्याला एकच गोष्ट खोलात विचारली: दारू बंद होती असा काळ कुठला, आणि तेव्हा काय झालं? असे दोन काळ निघाले.

एक माळेचा. तीन वर्षांपूर्वी आषाढी वारीला जाऊन आला, माळ घातली आणि सात महिने थेंब घेतला नाही. आमच्याकडे माळ घातली म्हणजे घरादाराने सुटकेचा श्वास सोडायचा. रेणुकानेही तो सोडला होता. पण ते सात महिने कसे गेले, हे परशरामला कुणी विचारलेलं नव्हतं. "दारू नव्हती, पण मी पण नव्हतो बघा," तो म्हणाला. पहाटे तीनला जाग यायची. भजनाला बसायचा, पण मन लागायचं नाही. भावाच्या मोटरसायकलीचा नंबर डोळ्यांपुढे यायचा. काम सुटलं नव्हतं, पण दोनदा ग्राइंडर हातात चालू ठेवून तसाच उभा राहिला, म्हणून सुपरवायझरने बाजूला काढलं होतं. आठव्या महिन्यात त्याने स्वतःच माळ काढून देवघरात ठेवली आणि प्यायला.

दुसरा काळ श्रावणाचा, आदल्या वर्षीचा. श्रावण पाळायचा म्हणून गटारीला पोटभर पिऊन दुसऱ्या दिवशी बंद केली. अल्प्राझोलमची पट्टीही त्याच दिवसांत संपली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या ताटावरच फिट आली. तिसरा कागद तो. त्या रात्री तो भिंतीवर किडे चालताना बघत होता. घरच्यांनी ते बाहेरचं समजून अंगारा लावला. चौथ्या दिवशी प्यायला आणि सगळं थांबलं. त्याच्या डोक्यात पक्कं बसलं की दारू सोडली तर आपण मरणार.

दारूचा तज्ज्ञ या दोन काळांत निदान वाचेल. शेवटच्या पेल्यानंतर ६ ते ४८ तासांत फिट, आणि दोन ते चार दिवसांत भास आणि भ्रम, हे विथड्रॉवलचं, म्हणजे दारू एकदम बंद केल्यावर होणाऱ्या त्रासाचं, नेहमीचं घड्याळ आहे. मेंदूला दारूच्या दाबाची सवय लागलेली असते. तो दाब एकदम निघाला की मेंदू उसळतो, आणि झोपेची गोळीही त्याच वेळी बंद झाली तर जास्तच. माळेच्या वेळी फिट आली नव्हती, कारण तेव्हा पिणं कमी होतं आणि गोळी नव्हती. शिवाय अशा सोडण्या-धरण्याच्या प्रत्येक फेरीनंतर पुढचा विथड्रॉवल जास्त जोराचा होऊ शकतो.

माळेच्या काळाचा अर्थ वेगळा. दारूमुळे आलेली उदासी बहुतेकांत पिणं थांबल्यावर तीन-चार आठवड्यांत निवळते. परशरामची सात महिने निवळली नाही. म्हणजे नैराश्य स्वतंत्र होतं, भावाच्या जाण्यानंतर मुरलेलं. दारू त्यावर चढत गेली आणि पुढे दोघांनी एकमेकांना धरून ठेवलं.

मग चाचण्या घेतल्या. जागतिक आरोग्य संघटनेची दारूसाठीची दहा प्रश्नांची चाचणी, ऑडिट: ४० पैकी २९. वीस किंवा जास्त आले की अवलंबित्वाची शक्यता धरतात. पीएचक्यू-९ मध्ये १७, आणि नववा प्रश्न, आपण नसलेलं बरं असा विचार, "बऱ्याच दिवशी". तो प्रश्न तिथेच थांबवून सरळ विचारला: काही ठरवलंय का? ठरवलेलं नव्हतं, पण विचार पक्के होते. त्या संध्याकाळी भातावर फवारायची औषधं घरातून उचलून मेव्हण्याच्या कुलपात गेली. उपचारातलं पहिलं काम तेच झालं.

समोरचे पर्याय

घरच्यांच्या डोक्यात तीन वाटा होत्या, त्यातल्या दोन धोक्याच्या.

मेव्हण्याने "चहात घालून द्यायची" गोळी आणून ठेवली होती. ती डायसल्फिरॅम. पिणाऱ्याला न सांगता ती दिली आणि तो प्यायला, तर चेहरा लाल, उलट्या, धडधड, रक्तदाब खाली, आणि हृदय कमजोर असेल तर जीवावर. गोळी थांबवल्यावरही एक-दोन आठवडे परिणाम राहतो. रुग्णाला माहीत असेल, त्याला पटलं असेल, घरचं कुणी समोर बसून देत असेल, तरच ती औषध आहे. मेव्हणा वाईट नव्हता. बहिणीचे हाल बघून त्याने हाताला येईल ते केलं होतं. त्याला तासभर बसवून समजावलं, कारण पुढे तोच आमचा सगळ्यात कामाचा माणूस होणार होता.

दुसरी वाट होती हद्दीपलीकडचं एक खासगी केंद्र. गाडी घरी येते, रात्री उचलून नेतात, तीन महिने भेट नाही. घरच्यांनी आगाऊ पैशांची विचारपूस केली होती. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये दारू आणि अमली पदार्थांच्या विकारांचाही समावेश आहे. रुग्णाला स्वतः निर्णय घेता येत नसेल, तेव्हाच आधारासह दाखल करता येतं. त्यालाही तज्ज्ञांची तपासणी लागते आणि सुरुवातीची मुदत ३० दिवसांची. रात्री उचलून नेण्याला त्या कायद्यात जागा नाही. परशराम तर स्वतः येऊन बसला होता. त्याला उचलायचं कारणच नव्हतं.

तिसरी वाट पुण्याची. "मुक्तांगणला न्यावं का?" हे रेणुकाच्या भावाने विचारलं. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं ते केंद्र मराठी घरांत माहीत आहे, आणि प्रश्न रास्त होता. अडचण अंतराची आणि रजेची. कंत्राटी कामगाराला महिनाभर रजा म्हणजे नोकरी गेली. आणि आत्महत्येचे विचार असलेल्या माणसाला फिटचा धोका घेऊन इतक्या लांब नेणं मला नको होतं.

आमच्या बाजूने मुख्य प्रश्न असा होता: घरी गोळ्या देऊन सोडवायची की दाखल करून? सौम्य त्रास असलेल्या बहुतेकांचं घरी होऊ शकतं. इथे मात्र आधीची फिट, आधीचा भ्रम, झोपेच्या गोळीची सवय आणि मरणाचे विचार, असे चारही धोके एकत्र होते. त्यांतला एकही घरी सोडवायच्या विरोधात पुरेसा असतो. दाखल करायचं ठरलं, बेळगावातल्या सरकारी मनोविकार विभागात, त्याच्या स्वतःच्या सहीने.

काय केलं

सहीचा एक प्रसंग. फॉर्म कन्नडमध्ये. परशरामला कन्नड बोलता येतं, फौंड्रीत अर्धा दिवस तेच चालतं, पण वाचायला अडखळतो. तो सही करायला निघाला तेवढ्यात नर्सबाईंनी कागद परत घेतला आणि ओळीवर बोट ठेवून सगळा मराठीत सांगितला: तू स्वतः दाखल होतोयस, तुला जायचं म्हटलं तर अर्ज देता येतो, कुठलं औषध कशासाठी हे विचारता येतं. आपल्याला कळेल अशा भाषेत माहिती मिळणं हा कायद्याने रुग्णाचा हक्क आहे. त्या दहा मिनिटांनी काय साधलं ते नंतर कळलं. पाचव्या दिवशी त्याला पळून जावंसं वाटलं, तेव्हा तो भिंतीवरून गेला नाही, नर्सबाईंकडे जाऊन "मला तो अर्ज द्या" म्हणाला. त्यांनी दिला. त्याने भरला नाही.

वैद्यकीय बाजू थोडक्यात. सलाईनच्या आधी थायामिनचं इंजेक्शन. हे आवर्जून लिहितो, कारण गावोगावी पिणाऱ्याला "ताकद यावी" म्हणून ग्लुकोजची बाटली लावतात. शरीरात बी-१ जीवनसत्त्व संपत आलेलं असताना नुसतं ग्लुकोज गेलं, तर उरलंसुरलंही खर्ची पडतं आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. परशरामच्या चौथ्या कागदावर त्या दोन बाटल्या होत्या, थायामिन नव्हतं. यकृताचे आकडे वाढलेले, म्हणून विथड्रॉवल शांत करायला लोराझेपाम निवडलं आणि ते उतरत्या मात्रेत दिलं. फिट आली नाही. फिटच्या जुन्या गोळ्या तज्ज्ञांनी पुढे बंद केल्या, कारण अपस्मार नव्हताच. झोपेच्या गोळीची सवय तोडायला पुढे पाच महिने लागले. दारूपेक्षा तिला जास्त वेळ गेला.

नैराश्याचं औषध कधी सुरू करायचं, यावर विभागात दोन मतं होती. एक मत म्हणजे महिनाभर थांबून बघू. पुस्तकात तेच आहे आणि अनेकांत ते बरोबर ठरतं. पण माळेचे सात महिने समोर होते. ती प्रतीक्षा त्याने आधीच भोगली होती. दुसऱ्या आठवड्यात सर्ट्रालिन सुरू झालं. ओढ कमी करायला अकॅम्प्रोसेट दिलं. त्याचा यकृतावर भार पडत नाही, मूत्रपिंडं मात्र तपासून घ्यावी लागतात.

घरी आल्यावर बोलण्याचं काम आशाताई आणि तालुक्याचा समुपदेशक यांनी वाटून घेतलं. इथे गोव्याचा अनुभव हाताशी होता. गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या, प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी धोकादायक पिणाऱ्या पुरुषांशी एक ते चार बैठका केल्या, आणि त्याचे निष्कर्ष लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. तीन महिन्यांनी मागचे चौदा दिवस दारू न घेतलेले पुरुष त्या गटात ४२ टक्के होते, नेहमीची सेवा मिळालेल्या गटात १८ टक्के. परशरामइतकं अवलंबित्व असलेले लोक त्या अभ्यासात नव्हते, म्हणून त्या बैठका आम्ही औषधाच्या जोडीला वापरल्या, औषधाऐवजी नाही.

रेणुकाचा उपचार तिच्या नावाने, तिच्या वेगळ्या कागदावर झाला. "त्यांचं बरं झालं की माझं होतंय," असं ती म्हणत होती, आणि बरेच डॉक्टरही तसंच मानतात. मला ते पटत नाही. तिने गोळी नको म्हटलं, बोलायला तयार झाली. ठरलेल्या वेळी माहेरी जाणं, संघाच्या बैठकीला परत जाणं, मुलीला घेऊन बाजार, असे लहान लहान ठराव. मारहाण पुन्हा झाली तर कुणाकडे जायचं, कुणाला फोन करायचा, हे परशरामच्या समोरच लिहून ठेवलं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य फोन सेवेचा १४४१६ हा नंबरही त्यावर आहे. तिथे मराठी भाषा निवडता येते. मिश्रीचा विषय काढला, तिने हसून टाळला. तो अजून टळलेलाच आहे.

यात्रा

चौथ्या महिन्यात पाहुण्यांच्या गावी लक्ष्मी यात्रा आली. कित्येक वर्षांनी भरणारी यात्रा, घरटी बकरं, शंभर-दीडशे पाहुणे, आणि पाहुण्याला "घ्या की" म्हणणं हा मानाचा भाग. समुपदेशकाने आधी विचारलं होतं, जायचं की नाही. आमच्या बैठकीत यावर मतभेद झाला. समुपदेशकाचं मत, जाऊ नये. माझं मत, सख्ख्या मामाच्या घरची यात्रा चुकवली तर तो समाजातून तुटेल आणि एकटेपणाच त्याला परत गुत्त्यावर नेईल. ठरलं असं की दुपारी जायचं, जेवून दिवस मावळायच्या आत निघायचं, मेव्हणा सोबत.

मेव्हण्याची गाडी एका वळणावर अडकली आणि तो दोन तास उशिरा पोचला. तेवढ्यात परशराम प्यायला, पुढचे दोन दिवस प्यायला, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी हात थरथरत दवाखान्याच्या पायरीवर बसला होता. आधी असं झालं की महिनोन्महिने तोंड दाखवत नसे. या वेळी फिट आली नाही, दोन दिवस दवाखान्यातच ठेवून निभावलं. रेणुकाने त्या दिवशी एक गोष्ट केली: यात्रेचं उरलेलं मटण डब्यातून आशाताईंना दिलं आणि सांगितलं, "आलेत ते. स्वतःहून आलेत." त्यानंतर तो आणखी दोनदा घसरला, दोन्ही वेळा एकाच संध्याकाळपुरता.

वर्षानंतर

ऑडिट ९, म्हणजे अजून धोक्याच्या रेषेवर. पीएचक्यू-९ मध्ये ६. रेणुकाचे ७. रात्रपाळी त्याने सोडली, त्यात पगार कमी झाला, आणि संघाचा हप्ता अजून दोघांना जड जातो. मारहाण झालेली नाही. मुलगी दहावीला बसली. मुलगा अजून बापाच्या हाताला वास येतो का ते बघतो. त्यासाठी आम्ही काही केलेलं नाही, आणि त्या मुलासाठी काही करायला हवं असं मला वाटतं. घरातलं व्यसन मुलांच्या मनात कसं उतरतं, हे मोजणारा कागद आमच्या तालुक्यात कुणाकडे नाही.

वेगळं काय करता येईल

फिट घेऊन आलेल्या प्रत्येक प्रौढ पुरुषाला स्कॅनच्या आधी तीन प्रश्न विचारता येतात: शेवटची कधी घेतली, रोज किती, झोपेची गोळी चालू होती का. तिसऱ्या कागदाच्या वेळी हे झालं असतं, तर एक वर्ष वाचलं असतं.

यात्रेच्या दिवशी सगळा भार एका माणसावर होता. दोन माणसं हवी होती, आणि परशरामला एकट्याने निघून यायला हातात बसचं तिकीट आणि कारण, दोन्ही हवं होतं. जायला द्यावं, या माझ्या मतावर मी अजून ठाम आहे. समुपदेशकही त्याच्या मतावर ठाम आहे.

नोंदीचं सांगतो. आता आमच्या रजिस्टरला दोन खाने वाढवलेत. एकात दारू किंवा गोळीची सवय, रुग्णाला विचारून, त्याची हरकत असेल तर फक्त संकेतांक. दुसऱ्यात, आधी कुठे कुठे दाखवलं, हद्दीच्या कुठल्या बाजूला. पुढे पाठवताना चिठ्ठी कन्नड आणि मराठी दोन्हीत जाते. पलीकडच्या दोन डॉक्टरांशी ठरलंय की सामायिक रुग्णाचं, त्याच्या परवानगीने, फोनवर कळवायचं. दोन्ही राज्यांच्या हिशेबात असा माणूस एकदाच कसा मोजायचा, याची सरकारी व्यवस्था झालेली नाही. तोवर हे वहीवर चाललंय.

आणि श्रावणाचं. माळ, श्रावण, नवरात्र हे इथल्या पुरुषांचे दारू सोडण्याचे खरे मुहूर्त आहेत. त्यांना विरोध करण्यात अर्थ नाही. एवढी मोठी इच्छाशक्ती दुसरं कुठलं औषध देत नाही. फक्त ती एका दिवसात, गटारीच्या दुसऱ्या सकाळी, तज्ज्ञाविना वापरली जाते. म्हणून यंदा आषाढाच्या शेवटच्या पंधरवड्यात आशाताई त्यांच्या घरभेटींत एक प्रश्न जादा विचारणार आहेत: यंदा कोण सोडणार? आधी फिट आलेले, सकाळी हात कापणारे आणि झोपेची गोळी घेणारे यांनी गटारीच्या आधी दवाखान्यात यायचं. त्यांना थायामिन लागेल, काहींना दाखल व्हावं लागेल. बेळगावला दोन खाटांसाठी बोलून ठेवलंय. यादीत पहिलं नाव परशरामने सांगितलं, त्याच्याच पाळीतल्या एका मोल्डरचं.